पुरातला जोडा

"राजापुरात जातेस तर संध्याकाळी जा,"
वडील म्हणाले,
"दिवसभर चालून पाय थोडा फुगतो.
सकाळचा पाय खोटं बोलतो."

हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक.
जन्मभर अनवाणी माणूस,
सड्यावरचा जांभा, करवंदीचे काटे,
सगळं टाचेत जिरवलेला.
साखरेनं दोन बोटं नेली श्रावणात
आणि खुंटीवरची बंदूक
परवान्यासकट, वनखात्याच्या कागदासकट
माझ्या खांद्यावर आली.

हसनमियांच्या दुकानाच्या भिंतीवर
अर्जुनेच्या पाण्याची रेघ अजून ओली.
"बायकांचं तिकडे," त्यांनी बोट दाखवलं,
सोनेरी पट्ट्या, उंच टाचा.
म्हटलं, डोंगराला हवेत. डुकरांच्या राखणीला.
ते चष्म्यावरून बघत राहिले,
मग माझ्या पायांकडे.

सहा नंबर. पोरांच्या फळीवरचे.
एक जोड हलका, वाकवला तर मधोमध दुमडला,
"हा नको," तेच म्हणाले, "चढणीवर पाऊल मोडेल.
जोड्यानं बोटांपाशी वाकावं,
माणसासारखं, कमरेत नाही."
दुसरा छान होता. पण चालले तर
दर पावलाला कुरकुर, नव्या जावयासारखी.
सुळ्याला दिसतं कमी,
ऐकू येतं तीन शेतांपलीकडलं.

फळी तिरकी लावून त्यावर उतरवलं मला,
बोटं पुढे आपटतात का पाहायला.
मागे करंगळी जाईल एवढी जागा,
जाड मोजे घालून.
मग काउंटरखालून एक खोका काढला, फुगलेला,
कोपरे कुजलेले.
"पुरातला माल. दोन दिवस पाण्याखाली.
डिंकानं चिकटवलेले सगळे तळवे
तिसऱ्यांसारखे उघडले.
हा एकच मिटून राहिला."
तळव्याच्या कडेनं मी नख फिरवलं,
टाक्यामागून टाका, कुठेच सैल नाही.
चामड्याला चिखलाचा डाग होता.
किंमत निम्मी सांगितली त्यांनी, मी घासाघीस केली नाही.

मग महिनाभर तेच पायात.
विहिरीवर, वरकसावर, बंदरावर मासळीला.
"फौजदारीण इली गो," कोळणी हसायच्या.
द्रौपदीनं बाटलीभर मुशीचं तेल दिलं,
"होडीला लावतो आम्ही, थेंब शिरत नाही."
घरी आणलं तर वडिलांनी बाटलीच उचलून ठेवली,
"डुकराला निमंत्रण पाठवतेस काय?
वास सुटला की तो सह्याद्रीपलीकडे जाईल."
उंडीचं तेल दिलं त्यांनी, थोडं मेण,
आणि पाट्यावर बसून
स्वतःच चोळत राहिले, फडकं बोटाला गुंडाळून,
ज्या वस्तूशी त्यांचं कधी जमलं नाही
तिला असं जपून.

दसऱ्यानंतर भात पिवळं पडलं
आणि खिंडीच्या तोंडाशी बसले मी.
खाली हाकारे, पाड्याळांचे कुत्रे,
वर कारवी, दव, जांभ्याचा ओला वास.
बसून पाय बधिर झाले तरी
जोड्यानं आवाज केला नाही.
सुळ्या आला तो एकटाच, माझ्या डावीकडून,
मी उठले, पाय शेवाळावर पडला
आणि तिथेच राहिला. घसरला नाही.
एवढंच आठवतं नीट.
बार उडाल्यावरचं सगळं धुरात.

घरी आले तेव्हा अंगणात
गावाची माणसं डुकराभोवती,
सुळे मोजतायत, वाटे ठरवतायत.
वडील ओटीवरून उठले नाहीत.
त्यांनी डुकराकडे पाहिलंच नाही.
माझ्या पायांकडे बघून म्हणाले,
"चावला काय गो?"

कुणाबद्दल विचारतात ते
क्षणभर कळेना.
मग म्हटलं, डाव्या टाचेला. जरासा.

"बस," म्हणाले,
आणि उंडीच्या तेलाची बाटली
चुलीपाशी कोमट करायला ठेवली.